अफेझियात हरवलेले क्रियापद : फारसी भाषकांची स्पीच थेरपी आणि आपल्यासाठी धडे

पक्षाघातानंतर रुग्ण घरी आला की घरातले सगळे त्याला एकच गोष्ट विचारत राहतात. "हे काय आहे? आणि हे?" पेला, चमचा, चष्मा, घड्याळ. दोन-चार नावे बरोबर आली की सगळ्यांना हायसे वाटते. पण संध्याकाळी त्याच व्यक्तीला काही सांगायचे असते, तेव्हा ती तिथेच अडते.

समजा, तेहरानमधले एक निवृत्त शिक्षक आहेत. पत्नी बाहेरून येते तेव्हा ते घाईघाईने सांगतात, "दोख्तर... तेलेफोन..." म्हणजे "मुलगी... फोन..." मुलीने फोन केला होता? मुलीला फोन करायचा आहे? की मुलीचा फोन बिघडला? दोन्ही शब्द बरोबर आहेत, उच्चारही स्पष्ट आहे, पण निरोप पोहोचलेला नाही. क्रियापद आलेले नाही, म्हणून वाक्य झालेले नाही.

अशा रुग्णांसाठी क्रियापद आणि वाक्य यांवर वेगळी थेरपी करावी लागते. या लेखात ती फारसी भाषेच्या उदाहरणाने समजून घेऊ. त्याचे कारण साधे आहे. या थेरपीच्या बऱ्याच पद्धती इंग्रजी किंवा डच भाषकांसाठी तयार झाल्या आणि इंग्रजी वाक्याची ठेवण आपल्यापेक्षा वेगळी आहे. फारसीची ठेवण मात्र मराठीच्या बरीच जवळ आहे. तिथे थेरपी करताना जे प्रश्न येतात, त्यातले अनेक मराठी घरातही येतात.

अफेझिया म्हणजे काय?

अफेझिया किंवा वाचाघात म्हणजे मेंदूतील भाषेच्या भागाला इजा झाल्यामुळे बोलणे, समजणे, वाचणे आणि लिहिणे यांत येणारी अडचण. पक्षाघात हे त्याचे सर्वात मोठे कारण आहे. डोक्याला मार लागणे, मेंदूतील गाठ किंवा मेंदूचा संसर्ग यांमुळेही तो होऊ शकतो. बहुतेक लोकांमध्ये भाषेचे काम मेंदूची डावी बाजू करते. म्हणून उजवा हात-पाय लुळा पडलेल्या रुग्णांमध्ये वाचाघात जास्त दिसतो.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. अफेझियात बुद्धी जात नाही. माणसाला काय सांगायचे ते ठाऊक असते, ते शब्दांत बांधणे जमत नाही. काही रुग्ण भराभर बोलतात, पण त्यातून अर्थ लागत नाही. काही रुग्ण अडखळत, सुटे सुटे शब्द बोलतात आणि त्यांना समजते त्या मानाने बरे. दुसऱ्या प्रकाराला ब्रोका अफेझिया म्हणतात. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये मेंदूच्या पुढच्या भागातील इजेचा आणि वाचा जाण्याचा संबंध दाखवला, त्यांच्यावरून हे नाव पडले. क्रियापद आणि वाक्य हरवण्याची तक्रार या रुग्णांमध्ये विशेष दिसते.

नाव सांगता येते, मग क्रियापद का अडते?

"पेला" म्हणताना डोळ्यांसमोर एक वस्तू असते. "दिला" म्हणताना मात्र कोणी दिला, काय दिले, कोणाला दिले आणि केव्हा, हे सगळे सांभाळावे लागते. या सगळ्यांना जागेवर बसवण्याचे काम क्रियापद करते. शिवाय त्याला काळाचा आणि कर्त्याचा प्रत्यय लावावा लागतो. म्हणूनच वस्तूंची नावे बऱ्यापैकी येणाऱ्या रुग्णालाही क्रियापद अवघड जाऊ शकते. फक्त वस्तू ओळखण्याचा सराव घेतला तर नावे वाढतात, पण वाक्य तयार होईलच असे नाही.

फारसी वाक्यात क्रियापद कसे असते?

*ते शेवटी येते.* "मोअल्लेम नामे मी-नेवीसद" म्हणजे "शिक्षक पत्र लिहितो". कर्ता, कर्म, मग क्रियापद, अगदी मराठीसारखेच. इंग्रजी वाक्यात कर्त्यापाठोपाठ क्रियापद येते. फारसी किंवा मराठी बोलणाऱ्याला आधी कर्ता आणि कर्म लक्षात धरून ठेवावे लागतात आणि नंतर क्रियापदाशी पोहोचावे लागते.

*ते अनेकदा दोन शब्दांचे असते.* फारसीत रोजच्या वापरातली एकशब्दी क्रियापदे तुलनेने थोडी आहेत. बाकीचे काम जोडक्रियापदे करतात. "कार कर्दन" म्हणजे काम करणे. "हर्फ ज़दन" म्हणजे शब्दशः "शब्द मारणे", अर्थ बोलणे. आपण गप्पा मारतो, तसेच हे. "तेलेफोन ज़दन" म्हणजे फोन करणे. "ज़मीन खोर्दन" म्हणजे "जमीन खाणे", अर्थ पडणे. "सरमा खोर्दन" म्हणजे "थंडी खाणे", अर्थ सर्दी होणे. अर्थाचा मोठा भाग पहिल्या शब्दात असतो. दुसरा शब्द अर्थाने हलका असतो, पण काळाचे आणि कर्त्याचे प्रत्यय त्यालाच लागतात. आपल्या शिक्षकांचे "तेलेफोन" आले आणि "ज़द" राहिले, म्हणून कोणी फोन केला, केला की करायचा आहे, हे सगळे त्याच्यासोबत राहून गेले.

*त्याचे रूप बदलते.* "मी-नेवीसम" म्हणजे मी लिहितो, "नेवेश्तम" म्हणजे मी लिहिले. वर्तमानकाळात "नेवीस" आणि भूतकाळात "नेवेश्त", म्हणजे मूळ धातूच वेगळा दिसतो. मराठीतही "जातो" आणि "गेलो" असा फरक आहेच. अफेझियात अनेक भाषांमध्ये भूतकाळाची रूपे जास्त अडलेली दिसतात. रुग्ण कालची गोष्ट आजची असल्यासारखी सांगतो आणि घरात गोंधळ होतो.

यात एक दिलासाही आहे. फारसीत "नेवेश्तम" या एका शब्दात "मी लिहिले" हे पूर्ण वाक्य होते, कर्ता वेगळा सांगावा लागत नाही. म्हणजे प्रत्ययासह एक क्रियापद जरी परत आले, तरी रुग्णाच्या हातात एक पूर्ण वाक्य येते. मराठीतले "येतोय", "जेवलो", "नको" हेही असेच.

तपासणी करताना : "झाडू" की "झाडू मारणे"?

थेरपीआधी थेरपिस्ट रुग्णाला चित्रे दाखवतात. एका चित्रात बाई केर काढते आहे. "ती काय करतेय?" असे विचारल्यावर फारसी रुग्ण म्हणतो, "जारू." फारसीत जारू म्हणजे झाडू आणि "जारू कर्दन" म्हणजे झाडणे.

आता या उत्तराचा अर्थ काय लावायचा? रुग्णाने क्रिया सोडून हातातल्या वस्तूचे नाव घेतले? की क्रियापद त्याला आठवले, पण त्याचा अर्धाच भाग तोंडून बाहेर आला? इंग्रजीत झाडूचा शब्द आणि झाडण्याचा शब्द वेगळे आहेत, त्यामुळे तिथे ही शंका सहसा येत नाही. फारसीत येते. मराठीतही येते, कारण आपला रुग्णही "झाडू..." म्हणून थांबू शकतो. "इस्त्री", "फोन", "आंघोळ" यांचेही तसेच आहे.

दोन्ही अडचणींवरचा उपाय वेगळा आहे. क्रियाच आठवत नसेल तर अर्थावर काम करावे लागते. अर्धा भाग आला असेल तर उरलेला शब्द आणि त्याचा प्रत्यय यांवर. म्हणून थेरपिस्ट नुसते चूक-बरोबर न करता पुढे विचारतो, "जारू... काय?" किंवा हलक्या शब्दाचा पहिला आवाज देतो. त्यावर रुग्ण पूर्ण करतो का, हे पाहतो. शिवाय "पिणे", "झोपणे" यांसारखी, ज्यात वस्तूचे नाव मिसळलेले नाही अशी क्रियापदेही तपासतो.

यासाठी चाचणी त्या भाषेतच घडवलेली असावी लागते, नुसते भाषांतर पुरत नाही. इराणमध्ये हे काम झाले आहे. भाषावैज्ञानिक रझा नीलीपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेस्टर्न अफेझिया बॅटरी या प्रसिद्ध चाचणीची, रुग्णाच्या खाटेजवळ करता येणारी फारसी आवृत्ती २०१४ मध्ये प्रसिद्ध केली.

थेरपीत नेमके काय करतात?

रुग्णागणिक आखणी बदलते. साधारणपणे पुढील प्रकार वापरले जातात.

१. क्रियापद आठवणे. क्रियेचे चित्र दाखवून क्रियापद काढून घेणे. अडल्यास हावभाव, पहिला आवाज किंवा अर्धे वाक्य देऊन मदत केली जाते. फारसीत जोडक्रियापद एकसंध शिकवणे सोयीचे. "सरमा" आणि "खोर्दन" सुटे पाठ करून उपयोग नाही, कारण "खाणे" हा अर्थ धरून रुग्ण सर्दीपर्यंत पोहोचणार नाही.

२. वाक्यात बसवणे. "मोअल्लेम नामे ..." इतके देऊन शेवट पूर्ण करायला सांगणे. आधी मदतीने, मग "आज" आणि "काल" बदलून योग्य रूप, आणि शेवटी चित्र पाहून पूर्ण वाक्य. नेदरलँड्समध्ये डच रुग्णांसाठी अशीच पायऱ्यापायऱ्यांची पद्धत तयार झाली. फारसीसाठी ती वापरताना रिकामी जागा वाक्याच्या शेवटी येते.

३. क्रियापदाभोवतीचे जाळे. ही पद्धत अमेरिकेत लिसा एडमंड्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडली. एक क्रियापद घ्यायचे, समजा "लिहिणे". कोण लिहितो? शिक्षक, डॉक्टर, कवी. काय लिहितात? शिक्षक पत्र, डॉक्टर नोस्खे म्हणजे औषधाची चिठ्ठी, कवी कविता. मग एक जोडी निवडून कुठे, केव्हा, कशासाठी हे विचारायचे. शेवटी "चिठ्ठी डॉक्टर लिहिते" यासारखी चुकीची वाक्ये ओळखायला द्यायची. यात चित्रे लागत नाहीत आणि रुग्णाच्या स्वतःच्या आयुष्यातली माणसे आणता येतात. निवृत्त शिक्षकाला "लिहिणे" या शब्दाभोवती खूप काही आठवते.

४. कोणी कोणाला? "अली हसन-रा दीद" म्हणजे अलीने हसनला पाहिले. फारसीत "रा" हा कर्माची खूण सांगणारा शब्द आहे, बोलताना तो "रो" होतो. "हसन-रा अली दीद" असे उलटे केले तरी अर्थ तोच राहतो, कारण "रा" हसनलाच लागलेला आहे. काही रुग्ण फक्त शब्दांच्या क्रमावर विसंबतात आणि उलटी समजूत करून घेतात. त्यांना ही छोटी खूण ऐकायला आणि वापरायला शिकवतात. आपल्याकडे हे काम "ने" आणि "ला" करतात.

५. रोजची गरजेची वाक्ये. "मला जायचंय" हे फारसीत "मी-खाम बेरम". यात दोन क्रियापदे आहेत आणि दोन्हींना "मी"चा प्रत्यय लागतो. म्हणून असे वाक्य आधी तयार तुकडा म्हणून पक्के करतात आणि नंतर त्यातले दुसरे क्रियापद बदलत नेतात.

कागद कोणत्या बाजूने वाचायचा?

छोटीशी वाटणारी ही बाब थेरपीत मोठी ठरते. फारसी उजवीकडून डावीकडे लिहितात. म्हणजे कर्त्याचे कार्ड उजवीकडे आणि क्रियापदाचे अगदी डावीकडे. इंग्रजी कार्डसंच तसाच मांडला तर रुग्ण निष्कारण गोंधळतो. त्यातच मेंदूच्या डाव्या बाजूच्या पक्षाघातात काही रुग्णांना उजव्या बाजूचे दिसत नाही. फारसी वाचकाला मग ओळीची सुरुवातच सापडत नाही. मराठी वाचकाला पुढचा शब्द दिसत नाही, म्हणजे बहुधा क्रियापदच. वाचताना चुका होत असतील तर त्या भाषेच्या आहेत की नजरेच्या, हे आधी तपासून घ्या.

दुसरी बाब बोलीची. पुस्तकी फारसीत "मी-रवम" आणि घरात "मीरम", दोन्हीचा अर्थ "मी जातो". थेरपी घरच्या रूपात व्हायला हवी. शिवाय इराणमध्ये अनेकांची मातृभाषा अझेरी तुर्की, कुर्दी किंवा गिलकी असते. अशा रुग्णाची फक्त फारसीत तपासणी केली तर त्याला नेमके काय येते ते कळत नाही. आपल्याकडेही रुग्ण घरी मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलत असेल तर ते थेरपिस्टना पहिल्याच भेटीत सांगा. "करत आहे" यापेक्षा "करतोय" हे रूप रुग्णाच्या जवळचे असेल, तर तेच वापरा.

फायदा किती होतो?

अफेझियासाठीच्या स्पीच थेरपीवरील कॉक्रेन आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५७ चाचण्या आणि ३,००२ रुग्ण होते. थेरपीमुळे रोजच्या व्यवहारातील संवादाला फायदा होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. जास्त वेळा किंवा जास्त काळ दिलेली थेरपी काही रुग्णांना अधिक उपयोगी पडते, पण सगळ्यांनाच ती झेपत नाही, हेही त्यात दिसले.

"सहा महिने झाले, आता काही होणार नाही" असे अनेकांना सांगितले जाते. ते खरे नाही. जर्मनीत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांहून जुन्या अफेझियाच्या रुग्णांना किमान तीन आठवडे, आठवड्याला दहा तास किंवा अधिक थेरपी दिली गेली आणि त्यांचा संवाद सुधारला. सुरुवातीच्या महिन्यांत वेग जास्त असतो हे खरे, पण दार बंद होत नाही.

मर्यादाही माहीत असावी. ज्या क्रियापदांचा सराव केला, ती सर्वात जास्त सुधारतात. न शिकवलेल्या क्रियापदांपर्यंत फायदा पोहोचतोच असे नाही. म्हणून कोणती क्रियापदे निवडायची हे घरच्यांनी थेरपिस्टसोबत बसून ठरवावे. रुग्ण दिवसभर काय करतो, काय मागतो, कोणाशी काय बोलू इच्छितो, त्यातून वीस-पंचवीस क्रियापदांची यादी निघते. चित्रांच्या पुस्तकातल्या "पोहणे" आणि "घोड्यावर बसणे" यांपेक्षा ती यादी कामाची.

मराठीत आणखी काय लक्षात घ्यावे?

फारसीत लिंगभेद नाही. मराठीत तो क्रियापदापर्यंत जातो : आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. म्हणजे आपल्या रुग्णावर प्रत्ययांचा भार जास्त आहे. सुरुवातीला "पोळी खाल्ला" असे वाक्य आले तर ते यश समजा. क्रियापद आले, काळ आला, निरोप पोहोचला. लिंगाची चूक नंतर बघता येईल. तसेच "गेलो बाजारात" असा क्रम आपण सगळेच बोलताना वापरतो, ती चूक नाही.

घरी काय करावे?

- "हे काय आहे?" याऐवजी "याचं आपण काय करतो?", "कोण काय करतंय?" असे विचारा.
- काम करता करता बोला. "मी चहा करतेय. मी चहा गाळतेय. तुम्ही चहा...?" आणि थांबा.
- थांबणे म्हणजे मनातल्या मनात दहा आकडे मोजणे. रुग्णाला तेवढा वेळ लागतो.
- रुग्ण "फोन..." म्हणाला तर "फोन आला? फोन करायचा?" असे दोन पर्याय द्या. त्याने निवडलेले वाक्य एकदा पूर्ण म्हणून दाखवा.
- जुने फोटो घ्या. "इथे आपण काय केलं होतं?" यातून भूतकाळाचा सराव होतो.
- रोज वीस मिनिटे, शांत वेळी, टीव्ही बंद करून. थकवा दिसला की थांबा.
- बोलणे, हातवारे, चित्र, लिहिणे यांपैकी कोणत्याही मार्गाने निरोप पोहोचला तर तो स्वीकारा.

काय टाळावे?

- प्रत्येक वाक्य तुम्हीच पूर्ण करणे.
- समजले असतानाही "नीट बोला" म्हणून पुन्हा म्हणायला लावणे.
- मोठ्याने किंवा लहान मुलाशी बोलल्यासारखे बोलणे. काल तुम्ही ज्यांना "अहो" म्हणत होता, त्यांना आजही "अहो"च म्हणा.
- पाहुण्यांसमोर परीक्षा घेणे.
- रुग्णासमोर त्याच्याबद्दल, त्याला वगळून बोलणे.

डॉक्टरांना कधी भेटावे?

अचानक बोलणे बंद झाले, जड झाले, तोंड वाकडे झाले किंवा हात-पाय लुळा पडला तर वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा पक्षाघाताची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने न्या. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि जितके लवकर तितके चांगले. लक्षणे आपोआप गेली तरी तपासणी टाळू नका.

सुधारत असलेले बोलणे पुन्हा बिघडले, झटके आले, गिळताना ठसका लागू लागला, किंवा रुग्ण रडवेला, गप्प, जेवण सोडून बसलेला दिसला तरीही डॉक्टरांना दाखवा. अफेझियाच्या रुग्णांमध्ये नैराश्य बरेच दिसते आणि त्यावर उपचार आहेत. थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचा आणि श्रवण यांची सेवा मिळते. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही असे विभाग आहेत.

पुढच्या भेटीत थेरपिस्टना एवढे नक्की विचारा : "आम्ही कोणत्या क्रियापदांपासून सुरुवात करायची?" आणि घरी रुग्ण "मुलगी... फोन..." म्हणाला, तर "शाब्बास, फोन!" म्हणून उठू नका. शेजारी बसा, "मुलीने फोन...?" असे म्हणा आणि थांबा. "केला" यायला वेळ लागेल. पण तो शब्द आला की मुलीचा निरोप पोहोचलेला असेल.